पूल क्यूसाठी नक्षीदार मेपल निवडताना

जानेवारी २०२३ मध्ये मी अमेरिकेतील मिशिगन राज्यात पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या काठ्या, म्हणजे क्यू, बनवणाऱ्या एका कारागिरांना पहिले पत्र पाठवले आणि जून २०२४ मध्ये माझ्या मापाची, मी निवडलेल्या मेपल लाकडाची क्यू माझ्या हाती आली. या काळातील सर्वांत अवघड भाग पैशांचा किंवा प्रतीक्षेचा नव्हता, तर लाकूड निवडण्याचा होता. विक्रेत्यांच्या छायाचित्रांत प्रत्येक तुकडा देखणा दिसतो, प्रत्येकापुढे दर्जा म्हणून तीन-चार-पाच वेळा ‘ए’ अक्षर लिहिलेले असते, आणि त्यांतला कोणता तुकडा लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत गोल कापणाऱ्या यंत्रावर, टिकेल, कोणता वर्षभराने वाकेल, हे सांगणारे तिथे काहीच नसते. जे मला टप्प्याटप्प्याने समजत गेले ते त्याच क्रमाने लिहीत आहे, म्हणजे पुढे कोणाला अशी क्यू करून घ्यायची असेल तर निदान काय विचारायचे आणि काय तपासायचे हे आधी ठाऊक असेल.

अमेरिकन पूलची क्यू साधारण ५८ इंच लांब असते आणि मध्यभागी पेचाने जोडलेल्या दोन भागांची असते. पुढचा निमुळता भाग म्हणजे शाफ्ट आणि मागचा जाड भाग म्हणजे बट. बटमध्येही पुन्हा तीन तुकडे असतात: जोडापासून पकडीपर्यंतचा फोरआर्म, त्यामागे बहुधा आयरिश लिनन गुंडाळलेली पकड, आणि शेवटी चार-पाच इंचांची स्लीव्ह. पुण्या-मुंबईच्या जिमखान्यांत स्नूकर खेळलेल्यांना ॲश लाकडाच्या, बाणासारख्या ठळक रेषा असलेल्या क्यूची सवय असते, पण पूलच्या क्यूमध्ये मेपलचेच राज्य आहे. नक्षीदार मेपल मात्र मुख्यतः फोरआर्म आणि स्लीव्हमध्ये वापरतात. शाफ्टसाठी जितके सरळ, साधे आणि कंटाळवाणे दिसणारे लाकूड मिळेल तितके चांगले, कारण अवघ्या तेरा मिलिमीटरपर्यंत निमुळत्या होत जाणाऱ्या काठीत तंतू जिथे वळतो तिथेच ती पुढे वाकण्याचा धोका असतो.

कारागिरांचे उत्तर फेब्रुवारीत आले. पश्चिम मिशिगनमधील एका लहान गावात ते एकटेच काम करतात, आणि त्यांची प्रतीक्षायादी एक वर्षाहून अधिक होती. उत्तरासोबत दोन पानांचा मागणी-अर्ज होता. त्यात एकूण लांबी, वजन, शाफ्टच्या टोकाचा व्यास, जोडाच्या पेचाचा प्रकार, तोल कोठे हवा, पकडीला लिनन हवे की चामडे, असे रकाने होते, आणि शेवटी एक कलम होते ते मी पुन्हा पुन्हा वाचले. ग्राहकाने स्वतः लाकूड आणले आणि कापताना त्यात चीर, किडीचे छिद्र किंवा सालीचा कप्पा निघाला, तर त्या लाकडाची किंमत ग्राहकाची. शिवाय बाहेरून आलेले लाकूड कार्यशाळेत निदान एक उन्हाळा आणि एक हिवाळा काढल्याशिवाय अंतिम मापाला आणले जाणार नाही. त्यांच्याकडच्या साठ्यातून निवडणे सोपे होते, पण मला लाकूड स्वतः पाहून, हाताळून घ्यायचे होते. मार्चमध्ये अर्ज भरून मी ४०० डॉलरचा धनादेश पाठवला. काम सुरू झाल्यावर ही रक्कम परत मिळत नाही, हे पावतीवर स्पष्ट लिहिलेले होते. अशी अट अनेकदा असते, म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी ‘काम सुरू झाले’ म्हणजे नेमके कधी, हे लेखी विचारून घ्यावे. मला मिळालेले उत्तर असे होते: लाकूड पहिल्यांदा लेथवर चढले की.

त्यानंतर दूरध्वनीवर आमचे सविस्तर बोलणे झाले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा की नक्षी हवीच कशासाठी. जॉर्ज बालाबुश्का यांनी १९५९ मध्ये ब्रुकलिनमध्ये क्यू बनवायला सुरुवात केली तेव्हा ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट क्यूंचे, सरळ तंतूंच्या मेपलमध्ये गडद लाकडाची टोकदार पाती बसवलेले जुने बट त्यांनी वापरले होते, आणि आजही संग्राहक त्या क्यूंसाठी मोठी रक्कम मोजतात. नक्षीमुळे फटका सुधारत नाही, ती केवळ डोळ्यांसाठी असते, आणि तिच्यासाठी स्थैर्याचा थोडा तरी त्याग करावा लागतो, असे त्यांनी मला आडपडदा न ठेवता सांगितले. मला त्यांचा हा स्पष्टपणा फार आवडला. मी त्यांना म्हटले की ही काठी मी पुढची वीस-तीस वर्षे रोज हातात घेणार आहे, आणि पाती, जडावकाम, धातूच्या कड्या यांपैकी काही नको आहे, फक्त लाकूड दिसले पाहिजे. मग ते म्हणाले, की तसे असेल तर लाकडाची निवड हीच तुमच्या क्यूची सगळी सजावट आहे, तेव्हा ती घाईने करू नका.

मेपलमधील नक्षीचे तीन प्रकार क्यूच्या संदर्भात पुन्हा पुन्हा समोर येतात. पहिला बर्डआय, म्हणजे लाकडावर विखुरलेले लहान लहान गोल डोळे. हे बहुतांशी शुगर मेपलमध्ये सापडतात, आणि मिशिगनचा उत्तरेकडील द्वीपकल्प त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. डोळे का पडतात याचे कारण शास्त्रज्ञांना अद्याप निश्चित करता आलेले नाही, आणि असे झाड लावून वाढवण्याची खात्रीशीर पद्धतही नाही. दुसरा प्रकार कर्ली, ज्याला टायगर किंवा फिडलबॅक असेही म्हणतात. यात तंतू लाटांसारखे वर-खाली होत जातात आणि त्यामुळे पृष्ठभागावर आडवे पट्टे दिसतात. व्हायोलिनची पाठ बहुधा अशाच लाकडाची असते. पैठणीचा धूपछाव पदर हातात फिरवला की रंग जसा एका धाग्यावरून दुसऱ्यावर सरकतो, तसे हे पट्टे लाकूड फिरवताच सरकतात. उजळ दिसणारा पट्टा गडद होतो आणि गडद असलेला उजळतो. तिसरा प्रकार क्विल्टेड, फुगीर लाटांच्या गाद्यांसारखा दिसणारा. तो मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावरील ओरेगन, वॉशिंग्टनकडच्या बिगलीफ मेपलमध्ये मिळतो आणि गिटार बनवणाऱ्यांचा आवडता आहे.

इथे एक फरक समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. ‘मेपल’ हे एका लाकडाचे नाव नाही. शुगर मेपल म्हणजेच हार्ड मेपल, त्याचा जांका कठीणपणा (लाकडात पोलादी गोळी अर्धी रुतवायला लागणारा जोर) १,४५० पौंड. बिगलीफचा ८५० आणि रेड मेपलचा ९५०. विक्रेता ‘कर्ली मेपल’ एवढेच लिहितो तेव्हा ते यांतील कोणतेही असू शकते, आणि क्यूच्या फटक्यात हा फरक हाताला जाणवतो. मऊ मेपल चालतच नाही असे नाही, पण त्यात गाभा घालणे, म्हणजे मधोमध भोक पाडून सरळ तंतूंच्या मेपलचा दांडा बसवणे, जवळपास अनिवार्य होते आणि तोल जुळवायला अधिक वजन घालावे लागते. मी हार्ड मेपलच घ्यायचे ठरवले, आणि ते ओळखण्यासाठी कारागिरांनी सांगितलेला उपाय अगदी साधा होता: वजन करा. फोरआर्मसाठी लाकूड बहुधा दीड इंच बाय दीड इंच जाडीच्या आणि अठरा इंच लांबीच्या चौरस तुकड्यात विकतात. नीट वाळलेल्या हार्ड मेपलचा असा तुकडा साधारण ४७० ग्रॅम भरतो, रेड मेपलचा ४०० च्या आसपास, आणि बिगलीफचा ३६० च्या. स्वयंपाकघरातील डिजिटल काटा या कामासाठी पुरेसा आहे.

मे महिन्यात, उत्तरेकडील रस्त्यांवरचे बर्फ पूर्ण गेल्यावर, मी डेट्रॉईटजवळच्या आमच्या घरून निघाले. मॅकिनॉ पूल ओलांडून उत्तर द्वीपकल्पात शिरले की दोन्ही बाजूंना मेपलची जंगले सुरू होतात. मार्केट (Marquette) शहराच्या परिसरातील एका लाकूड व्यापाऱ्यांशी मी आधी दूरध्वनीवर बोलून वेळ ठरवली होती. ही खबरदारी प्रत्येकाने घ्यावी, कारण अशा ठिकाणी लहान तुकडे दर्शनी भागात नसतात. आपण काय शोधत आहोत हे आधी सांगितले तर ते मागच्या शेडमधून काढून ठेवतात. मी पोहोचले तेव्हा एका लांब टेबलावर चाळीसेक चौरस तुकडे रचून ठेवलेले होते, आणि मालकांनी मला सांगितले की हवा तेवढा वेळ घ्या.

त्या टेबलासमोर उभी राहिल्यावर मन खरोखरच गोंधळते. सगळेच सुंदर असतात. म्हणून मी नक्षीकडे न पाहता सुरुवात केली, आणि हाच क्रम मी इतरांनाही सुचवेन. आधी मेण पाहिले. तुकड्याच्या दोन्ही टोकांना मेण लावलेले असणे योग्यच, कारण टोकांतून पाणी लवकर उडून चिरा पडतात. पण संपूर्ण तुकडा मेणात बुडवलेला असेल तर तो बहुधा आतून अजून ओला आहे असे समजावे. मग ओलावामापक लावला. ६ ते ८ टक्के हवे होते. १२ च्या वर दाखवणारे तुकडे मी बाजूला ठेवले. त्यानंतर वजन. दिसायला सारख्या असलेल्या तुकड्यांत शंभर ग्रॅमचा फरक निघाला, आणि हलके तुकडे मालकांनी स्वतःच मऊ मेपल म्हणून ओळखून वेगळे केले. मग टोकाचा मेणाचा थर थोडा खरवडून वाढीच्या कड्या पाहिल्या. ज्या तुकड्यात झाडाचा मध्यबिंदू, म्हणजे पिथ, आलेला असतो तो कितीही देखणा असला तरी सोडून द्यावा, तो तडकतोच.

यानंतर रंग. मेपलचा बाहेरचा भाग पांढरट असतो आणि आतला गाभा तपकिरी. हिवाळ्यात तोडलेले आणि लगेच कापून वाळवलेले लाकूड पांढरे राहते. उन्हाळ्यात ओंडके पडून राहिले तर राखाडी डाग धरतात. खनिजांच्या करड्या रेघाही असतात. त्या दोष मानल्या जातात आणि किंमत कमी करतात, पण लाकडाच्या मजबुतीला त्यांनी बाध येत नाही. मला स्वतःला एखादी रेघ असलेले लाकूड अधिक जिवंत वाटते, त्यामुळे त्या कारणाने मी कोणताच तुकडा नाकारला नाही.

एवढे झाल्यावर टेबलावर मोजकेच तुकडे उरले, आणि मग नक्षी पाहायची वेळ आली. इथे कारागिरांनी सांगितलेली एक गोष्ट मला सर्वांत उपयोगी पडली. आपण चौकोनी तुकड्याचा पृष्ठभाग पाहतो, पण क्यू गोल असते आणि ती त्या पृष्ठभागाच्या बरीच आत असते. तयार फोरआर्मचा व्यास जोडापाशी सुमारे ०.८५ इंच आणि पकडीपाशी सुमारे १.०५ इंच असतो. म्हणजे दीड इंची तुकड्याचे सर्व बाजूंनी सहा ते आठ मिलिमीटर लाकूड निघून जाणार आहे. जे आपल्याला आज दिसते ते भुशात जाणार, आणि क्यूवर दिसणार ते आज आत दडलेले. म्हणून समोरासमोरच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. एका बाजूला दाट डोळे आणि उलट बाजूला काहीच नाही, असे असेल तर मधे कोठेतरी नक्षी संपते आहे. दोन्ही बाजूंना सारखी असेल तर ती आरपार गेलेली असण्याची शक्यता मोठी.

गोल केल्यावर नक्षी चहूबाजूंनी सारखी दिसेल अशी माझी अपेक्षा होती, आणि ती सृष्टीनियमालाच धरून नाही. बर्डआयचे डोळे झाडाच्या सालीकडून मध्याकडे जाणाऱ्या बारीक शंकूंसारखे असतात. सालीच्या बाजूने पाहिले तर गोल डोळा दिसतो, नव्वद अंशांत वळवून पाहिले तर तोच डोळा आडव्या रेघेसारखा दिसतो. त्यामुळे गोल फोरआर्मवर समोरासमोर दोन पट्ट्यांत डोळे येतात आणि त्यांच्या मधल्या दोन पट्ट्यांत रेघा. कर्ली मेपलमध्ये याच्या उलट: तिथे लाटांचे पट्टे ठळक उठतात ते बहुधा कड्यांना काटकोनात कापलेल्या बाजूवर, आणि उरलेल्या दोन बाजूंना ते फिके पडतात. हा दोष नाही, लाकडाची रचनाच तशी आहे. पण क्यू हातात घेतल्यावर कोणती बाजू वर येणार, निर्मात्याची सही कोठे येणार, हे आधी ठरवायचे असेल तर ही गोष्ट ठाऊक असायला हवी. ज्या तुकड्यात कड्या कोपऱ्यातून कोपऱ्यात, तिरप्या जातात, त्यात गोल केल्यावर ठळक आणि फिक्या पट्ट्यांच्या जागा सपाट बाजूंवर न येता कोपऱ्यांच्या दिशेला येतात, म्हणजे चौकोनी तुकडा पाहून त्यांचा अंदाज बांधणे आणखी कठीण होते. त्यासाठी टोकावरच्या कड्यांची दिशा पेन्सिलीने बाजूंवर उतरवून घ्यावी.

उजेड तिरपा हवा. दुकानातल्या छतावरच्या दिव्यांखाली मला काही तुकडे सपाट वाटले होते, पण सोबत नेलेली छोटी विजेरी लाकडाला जवळजवळ टेकवून धरताच त्यांच्यातील लाटा उठून दिसल्या. मालकांच्या परवानगीने कापसाच्या बोळ्याने थोडा नॅफ्था (पेट्रोलसारखा लवकर उडणारा द्रव) लावूनही पाहिला. तो काही क्षणांत उडून जातो, लाकूड फुगवत नाही, आणि लाखेनंतर लाकूड कसे दिसेल याचा बऱ्यापैकी अंदाज देतो. पाण्याने तंतू उभे राहतात, म्हणून ते वापरू नये.

शेवटी दोन चाचण्या उरल्या. पहिली आवाजाची. अठरा इंचांचा तुकडा एका टोकापासून साधारण चार इंचांवर दोन बोटांच्या चिमटीत सैल धरायचा आणि मध्यावर बोटाच्या पेराने टकटक करायची. चांगला तुकडा स्वच्छ, थोडा लांबणारा नाद देतो. आत चीर असेल किंवा ओलावा अधिक असेल तर आवाज दबका आणि तुटक येतो. चार इंचच का, तर दोन्ही टोके मोकळी असलेली काठी कंप पावते तेव्हा टोकापासून लांबीच्या सुमारे २२ टक्क्यांवरचा बिंदू स्थिर राहतो, आणि तिथे धरल्याने नाद दबत नाही. दुसरी चाचणी तंतूंच्या दिशेची. नक्षीदार लाकडात तंतू कोणत्या दिशेला जातात हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून तुकड्यावर शाईचा एक बारीक थेंब टाकायचा आणि तो कोणत्या दिशेला पसरतो ते पाहायचे. कडेला समांतर पसरला तर उत्तम; तिरपा पळाला तर तंतू तुकड्यातून बाहेर पडत आहेत, आणि असे लाकूड पुढे वाकण्याची भीती अधिक. ही चाचणी अर्थातच विचारून, आणि वाया जाणाऱ्या टोकाजवळच करावी.

मी बर्डआयचे दोन तुकडे घेतले, प्रत्येकी ४५ डॉलर. कर्लीचा एक, ३८ डॉलर. आणि स्लीव्हसाठी बर्डआयचाच सहा इंचांचा एक, १२ डॉलर. राज्याचा ६ टक्के विक्रीकर धरून १४८ डॉलर ४० सेंट झाले. एकाच फोरआर्मसाठी तीन तुकडे ही उधळपट्टी नाही. किमान एक जास्तीचा असावा, असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्याचे कारण पुढे येईलच. मालकांकडून मी पावतीवर झाडाचे वनस्पतिशास्त्रीय नाव आणि लाकूड कोठून आले ते लिहून घेतले. अमेरिकेत वन्यजीवांच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या १९०० सालच्या लेसी कायद्यात २००८ मध्ये सुधारणा होऊन चोरीच्या लाकडाचा व्यापारही त्याच्या कक्षेत आला आहे, आणि वॉशिंग्टन राज्यातील गिफर्ड पिंचो राष्ट्रीय वनातून नक्षीदार बिगलीफ मेपल चोरून वाद्यांच्या लाकूड व्यापाऱ्यांना विकल्याबद्दल त्या कायद्याखाली खटले झाले आहेत. चोर नक्षी आहे का हे पाहण्यासाठी उभ्या झाडांची साल कापतात आणि नक्षी नसली तर झाड तसेच जखमी सोडून जातात, हे वाचल्यापासून स्रोत विचारणे मला आपले कर्तव्यच वाटते.

परतीच्या वाटेवर मी लाकूड कारागिरांकडे पोहोचवले. त्यांनी तिन्ही तुकडे खिडकीजवळ नेले, बराच वेळ फिरवून पाहिले, आणि मला सर्वांत आवडलेल्या कर्लीच्या तुकड्यावर पेन्सिलीने लहानशी फुली केली. त्यातील लाटा फार खोल होत्या आणि शाईचा माग किंचित तिरपा होता. ‘हा तुम्ही ठेवा, पुढे एखादी डबी करा,’ असे ते म्हणाले. मला वाईट वाटले, पण त्यांच्या निर्णयावर मी वाद घातला नाही. आपण कारागीर निवडताना त्यांची नजरच तर निवडलेली असते.

जुलैमध्ये दोन्ही बर्डआय तुकडे लेथवर चढले आणि चौकोनाचे गोल झाले. त्यानंतर ते छताला टांगून ठेवण्यात आले. या विश्रांतीचे कारण समजले की प्रतीक्षा सोपी होते. हार्ड मेपल ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत कड्यांच्या दिशेने सुमारे ९.९ टक्के आकसते आणि कड्यांना काटकोनात फक्त ४.८ टक्के. म्हणजे ओलावा बदलला की गोल तुकडा किंचित अंडाकृती होतो, आणि प्रत्येक वेळी बाहेरचा थर काढला की आतला ताण मोकळा होऊन तो पुन्हा थोडा हलतो. म्हणून थोडे कापायचे, थांबायचे, हलू द्यायचे, आणि मग पुन्हा थोडे कापायचे. मिशिगनच्या दमट उन्हाळ्यातून आणि हीटरने कोरड्या पडणाऱ्या हिवाळ्यातून गेल्यावरही जो सरळ राहतो, तोच वापरायचा.

नोव्हेंबरमध्ये त्यांचा दूरध्वनी आला. एका तुकड्यात, पृष्ठभागापासून पाच-सहा मिलिमीटर आत, सालीचा एक बारीक कप्पा निघाला होता. बाहेरून त्याची कोणतीच खूण नव्हती. क्षणभर माझा धीर सुटला, कारण वर्षभराचे काम पुन्हा मागे जाणार असे वाटले. पण दुसरा तुकडा चोख होता आणि काम त्यावर पुढे गेले. अर्जातील ते कलम त्या दिवशी लागू झाले आणि ४५ डॉलर माझे गेले. जास्तीचा तुकडा जवळ ठेवण्याचे कारण हेच.

गाभा घालायचा की नाही, हा निर्णयही त्याच महिन्यात घ्यायचा होता. यात फोरआर्मच्या मधोमध आरपार भोक पाडून त्यात सरळ तंतूंच्या साध्या मेपलचा दांडा सरसाने पक्का बसवतात. माझ्या क्यूत तो पाच-अष्टमांश इंच जाडीचा आहे. म्हणजे जोडापाशी बाहेरून दिसणाऱ्या बर्डआयची भिंत तीन मिलिमीटरहूनही कमी जाडीची उरते, आणि फटक्याचा भार सरळ लाकूड वाहते. काही खेळाडूंना गाभ्यामुळे फटक्याचा नाद बदलतो असे वाटते आणि ते अखंड लाकडाचाच आग्रह धरतात. बर्डआय कर्लीपेक्षा अधिक स्थिर मानतात, त्यामुळे कारागिरांनी निर्णय माझ्यावर सोडला. मी गाभा घेतला, ७५ डॉलर जास्त देऊन, कारण ही क्यू मला दरवर्षी भारतात न्यायची आहे, आणि तिथल्या पावसाळ्याचा विचार करता मला देखणेपणाआधी सरळपणा हवा होता.

बर्डआय कापताना हत्यार किंचित जरी बोथट असले तरी डोळे मुळासकट उपटले जातात आणि खड्डे पडतात. म्हणून अंतिम कापणी साध्या लेथच्या हत्याराने न करता वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या यंत्रावर, प्रत्येक फेरीत अगदी बारीक थर काढत केली जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी ती पाहायला गेले तेव्हा फोरआर्म जवळजवळ अंतिम मापाला आला होता आणि डोळे मी मे महिन्यात पाहिले होते त्यांहून लहान पण अधिक दाट दिसत होते. स्लीव्हचा बर्डआय तुकडा त्याच्याशेजारी ठेवून पाहिला, आणि दोन्हीकडे सारखीच नक्षी मला अति वाटली. त्यामुळे स्लीव्ह शेवटी भारतीय शिसवीची केली. आपल्या सह्याद्रीत वाढणाऱ्या झाडाच्या जांभळट तपकिरी लाकडाशेजारी मेपलचा पांढरेपणा फार छान उठतो. त्याचे ६० डॉलर जास्त लागले.

लाखेआधी रंग द्यायचा का, यावर आम्ही बराच विचार केला. पट्टे किंवा डोळे उठावेत म्हणून काही जण आधी रंगद्रव्य लावून घासतात, काही जण शेलॅकचा हलका थर देतात, त्याने लाकूड मधाच्या छटेचे दिसते. अठरा इंचांपैकी फोरआर्मला लागतात साधारण तेरा, म्हणून उरलेले टोक फेकू देऊ नये. माझ्या कारागिरांनी त्याच टोकावर तीन प्रकारचे नमुने करून मला पाठवले आणि मी ते घरातल्या दिव्याखाली, दुपारच्या उन्हात आणि क्लबमधल्या टेबलावरच्या प्रकाशात पाहिले. शेवटी कोणताही रंग न देता, इपॉक्सीच्या थरावर मोटारगाडीच्या रंगकामात वापरतात तशा पारदर्शक युरेथेनचे थर द्यायचे ठरले. मेपल वर्षांगणिक आपोआप पिवळसर होत जाते, त्याला घाई करण्याची गरज नव्हती.

क्यू जूनमध्ये तयार झाली. मूळ किंमत १,२५० डॉलर, गाभ्याचे ७५, दुसऱ्या शाफ्टचे १७५ आणि शिसवीचे ६०, असे १,५६०. त्यावर विक्रीकर ९३ डॉलर ६० सेंट. एकूण १,६५३ डॉलर ६० सेंट, ज्यातून आगाऊ दिलेले ४०० वजा झाले. लाकूड आणि प्रवासाचा खर्च वेगळा. क्यू घेण्यापूर्वी मी तिथेच टेबलावर बट आणि शाफ्ट वेगवेगळे आणि मग जोडून लोळवून पाहिले, वजन केले (१९ औंस) आणि जोडापाशी उजेड दिसतो का ते पाहिले. हे सारे कारागिरांसमोरच करावे, त्यात त्यांना काहीही वावगे वाटत नाही. पहिले काही फटके मी त्यांच्याच टेबलावर मारले, आणि मनावरचा दीड वर्षाचा ताण तिथे उतरला.

भारतात नेताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली हवेची. सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातील ओलावा सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावतो, ८० टक्के असेल तर सुमारे १६ वर. मिशिगनच्या जानेवारीतून थेट मुंबईच्या जुलैत गेलेल्या लाकडाला एवढा प्रवास करावा लागतो. लाखेखालील बट तो हळू करते, पण शाफ्टवर लाख नसते, म्हणून तो बंद कठीण पेटीत, भिंतीला टेकून उभा न ठेवता आडवा ठेवावा आणि पावसाळ्यात गाडीच्या डिकीत कधीही सोडू नये. दुसरी गोष्ट कागदपत्रांची. अमेरिकेतील विमानतळांवर क्यू केबिनमध्ये नेता येत नाही, ती चेक-इन सामानातच द्यावी लागते. शिसवी, म्हणजे डॅल्बर्जिया प्रजातीचे लाकूड, २०१७ पासून साइट्स या, संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार एका खेपेत त्या लाकडाचे वजन १० किलोपर्यंत असलेल्या तयार वस्तूंना परवाना लागत नाही, आणि माझ्या स्लीव्हचे वजन त्याच्या कितीतरी खाली आहे. तरीही कारागिरांकडून क्यूतील प्रत्येक लाकडाचे शास्त्रीय नाव, वजन आणि एकूण किंमत लिहिलेली सही-शिक्क्याची पावती मी मागून घेतली. तिची एक प्रत पेटीत असते आणि एक हँडबॅगेत. क्यू हाती घेताना ही पावती मागायला विसरू नये, नंतर पत्रव्यवहार करून ती मिळवण्यात उगाच आठवडे जातात.